चॅनेल ३६

झालं असं की गेल्या मे महिन्यात मामाने डोंबिवलीच्या घराचा माळा आवरायला काढला. वय वर्षं चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, मामी ओरडतेय, पण हा स्टुलावर! तासाभराने मला फोन. "अरे, ते स्पेक्ट्रम सापडलंय. घेऊन जातोस की भंगारवाल्याला देऊ?"

मी पुण्याहून त्याच शनिवारी निघालो.

खोकं उघडलं तर आत तो काळा, हाताच्या दोन वितींएवढा कीबोर्ड. कोपऱ्यात लाल-पिवळ्या-हिरव्या-निळ्या तिरक्या पट्ट्या. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, ४८ के. सोबत विटेएवढा अडॅप्टर, एक कॅसेट, आणि सुतळीने बांधलेली वायर. कॅसेटवर मामाच्या अक्षरात: "गणपती ८७. हात लावू नये."

हा 'हात लावू नये' माझ्यासाठीच होता. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि हात लावण्याबद्दल प्रसिद्ध होतो.

पुण्याला आणून रविवारी सकाळी सगळं हॉलमध्ये मांडलं. समोर ५५ इंची टीव्ही. आणि मग लक्षात आलं की हे त्याला जोडायचं कसं? टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय, दोन यूएसबी, नेटवर्कचं भोक. स्पेक्ट्रमच्या मागे चित्रासाठी एकच गोल भोक, त्यावर लिहिलंय 'टीव्ही'. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस वायर हातात धरून उभा, आणि बायको विचारतेय, "आज पोहे की उपमा?"

पुढचे सात-आठ वीकएंड यात गेले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय. विषय वायरींचा आहे असं वाटेल, पण मला त्यात निघाला तो इतिहास.

सुरुवात ब्रिटनपासून करू. २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम बाजारात आला. १६ के वाला १२५ पौंडांना, ४८ के वाला १७५ ला. क्लाइव्ह सिंक्लेअरचा एकच हट्ट: स्वस्त. रबरी बटणं, साठवायला घरातला कॅसेट प्लेअर आणि पडद्याच्या जागी घरातला टीव्ही. मॉनिटर विकत घ्यायचा म्हटलं तर कॉम्प्युटरची स्वस्ताई तिथेच संपली असती. अर्थात ही कल्पना एकट्या सिंक्लेअरची नव्हे. होम कॉम्प्युटर नावाचा प्रकारच मुळी "तुमच्याकडे टीव्ही आहे ना? मग झालं तर" या गृहीतकावर उभा होता.

पण त्या टीव्हीला बाहेरचं चित्र आत घ्यायला दारच नव्हतं. होती ती फक्त अँटेनाची पिन. म्हणजे टीव्हीला काही दाखवायचं असेल तर तुम्हाला दूरदर्शन केंद्र होऊन दाखवावं लागणार! अगदी शब्दशः. स्पेक्ट्रमच्या आत काडेपेटीएवढी एक पत्र्याची डबी असते, मॉड्युलेटर. कॉम्प्युटरने तयार केलेलं चित्र ती रेडिओलहरीवर चढवते आणि वायरीतून टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेत सोडते. टीव्हीला वाटतं कुठलंतरी स्टेशन लागलं. तुमच्या टेबलावर एक छोटंसं प्रसारण केंद्र आणि त्याचा प्रेक्षक एकच घर.

हे केंद्र कुठल्या चॅनेलवर? ब्रिटनमध्ये यूएचएफच्या ३६ नंबरवर. ती जागा तिथे प्रसारणाला वापरत नव्हते, म्हणून व्हिडिओ रेकॉर्डर, टीव्ही गेम, कॉम्प्युटर सगळे तिथेच येऊन बसले. पुढे १९९७ च्या मार्चमध्ये तिथे चॅनेल फाइव्ह सुरू झाला, तेव्हा त्याला बऱ्याच भागांत ३५ आणि ३७ या शेजारच्याच जागा मिळाल्या. झालं! लोकांचे व्हिडिओ रेकॉर्डर बिघडल्यासारखे वागणार. मग नव्या चॅनेलवाल्यांनी घरोघर माणसं पाठवून लाखो रेकॉर्डर पुन्हा ट्यून करून दिले. एका मोकळ्या जागेवर सगळ्यांनी पथाऱ्या पसरल्या आणि ती जागाच वहिवाटीची झाली. फेरीवाल्यांचं आणि महापालिकेचं जसं होतं तसं.

अमेरिकेत वेगळंच त्रांगडं. घरगुती मॉड्युलेटरमधून निघालेल्या लहरी शेजाऱ्याच्या टीव्हीत घुसू नयेत म्हणून तिथल्या सरकारी आयोगाचे नियम फार कडक होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७९ मध्ये टीआय-९९/४ काढला, तेव्हा या कटकटीपायी तो चक्क मॉनिटरसकट विकायला लागला आणि किंमत गेली ११५० डॉलरवर. होम कॉम्प्युटर म्हणून तो आपटला यात नवल नाही. ॲपलने आणखी हुशारी केली. ॲपल टू मध्ये मॉड्युलेटर घातलाच नाही. तो दुसऱ्याच एका कंपनीने वेगळा विकायचा, म्हणजे नियम मोडलाच तर त्यांनी मोडला!

आता आपल्याकडे या.

मामाचा स्पेक्ट्रम १९८६ चा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सिंक्लेअरने कॉम्प्युटरचा सगळा धंदा ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकला. मामाच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा भाऊ लंडनला होता, त्याने येताना आणला. (त्याच वर्षी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला होता. मामाला ते नंतर कळलं आणि त्याने बरीच वर्षं ते मनाला लावून घेतलं.)

घरी आणला, जोडला आणि टीव्हीवर फक्त मुंग्या. कारण साधं होतं. मुंबई दूरदर्शन व्हीएचएफवर, चॅनेल ४. आमचा टीव्ही शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, खटक-खटक फिरवायचा ट्यूनर, २ ते १२. त्याच्या जगात ३६ नंबर अस्तित्वातच नव्हता. ब्रिटनमधली सगळी केंद्रं यूएचएफवर, आमचा टीव्ही व्हीएचएफवाला. स्पेक्ट्रम जिवाच्या आकांताने प्रसारण करतोय आणि आमचा टीव्ही त्या बाजूला बघतच नाहीये.

स्टेशनजवळ एक रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. तिथल्या काकांनी स्पेक्ट्रम उघडला, पत्र्याची डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यात आतलं चित्र या एका तारेतून येतंय, खरं ना?" मग त्यांनी एका मोडक्या टीव्ही गेममधला व्हीएचएफ मॉड्युलेटर काढला आणि त्या डबीच्या जागी बसवला. दोन तासांचं काम. पैसे किती घेतले ते मामाला आठवत नाही, पण "इंग्लंडची मशीन आहे, जपून" असं त्या काकांनी तीनदा सांगितलं ते आठवतं. त्या संध्याकाळी आमच्या टीव्हीवर पांढऱ्या पडद्यावर एक काळी ओळ उमटली: '© १९८२ सिंक्लेअर रीसर्च लिमिटेड'. खाली मी आणि माझी मामेबहीण, श्वास रोखून.

आता पुन्हा आजच्या हॉलमध्ये. पोहे झालेत.

पहिला प्रयत्न अर्थातच सरळ: वायर टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेत आणि ऑटो ट्यूनिंग. माझ्या टीव्हीत अजून ॲनालॉग ट्यूनर आहे. तो पाच मिनिटं शोधत बसला आणि म्हणाला, चॅनेल सापडले: ०. यात स्पेक्ट्रमची चूक असावी असं वाटेल, पण जुन्या टीव्हीशी तुलना करून बघा. त्या टीव्हीला 'नाही' म्हणता येतच नव्हतं. जे काही अँटेनातून येईल ते तो पडद्यावर ओतायचा. मुंग्या तर मुंग्या, वाकडं तर वाकडं. तुम्ही मागचं बटण पिळत, अँटेना हलवत त्याला जमेल तितकं सरळ करायचं. नवा टीव्ही आधी सिग्नलची परीक्षा घेतो. पास झाला तर दाखवतो, नाहीतर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. इथेच पहिल्यांदा मला जाणवलं की नुसत्या प्लगचं जमत नाहीये असं नाही, स्वभावांचंच जमत नाहीये.

दुसरा प्रयत्न: मॉड्युलेटरला वळसा. त्या काकांनी ओळखलेली तीच तार, म्हणजे कंपोझिट व्हिडिओ, सरळ बाहेर काढायची आणि टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनेला द्यायची. सोल्डरिंगचं हे काम दहा मिनिटांचं आहे, मला अडीच तास लागले. (अडॅप्टरबद्दल एक सूचना: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. आजचे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे. न बघता खुपसलात तर कॉम्प्युटरची आहुती.)

चित्र आलं! मी ओरडलो. बायको आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "हे असंच दिसायचं?"

नव्हतं असं दिसत. अक्षरांच्या कडांवर इंद्रधनुष्य वळवळत होतं, हलणाऱ्या गोष्टींना दात फुटले होते आणि सगळं आडवं ताणलेलं. मग वाचायला बसलो आणि एका अर्ध्या रेघेपाशी येऊन पोचलो. ही अर्धी रेघ मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाल पद्धतीच्या टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं. (ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे पालच, फक्त आवाजाची लहर कुठे बसवायची वगैरे तपशील वेगळे.) पण त्या सगळ्या रेघा एकदम काढत नाहीत. आधी एक आड एक अशा साडेतीनशे बारा.. चुकलो, तीनशे साडेबारा रेघा काढायच्या, मग उरलेल्या तीनशे साडेबारा मधल्या फटींत भरायच्या. सेकंदाला अशा ५० फेऱ्या. ही जी अर्धी रेघ आहे ना, तिच्यामुळेच दुसरी फेरी पहिलीच्या अर्धी रेघ खाली सरकते आणि नेमकी फटीत बसते. स्वेटरच्या विणीसारखं.

स्पेक्ट्रम ही अर्धी रेघ गाळतो. तो प्रत्येक फेरीत बरोबर ३१२ रेघा पाठवतो. हिशोब बघा: प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्‌झचा, एका रेघेला २२४ ठोके, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद. हे पालच्या मापाशी तंतोतंत जुळतं. अशा ३१२ रेघा, एकूण ६९,८८८ ठोके, सेकंदाला पन्नासहून किंचित जास्त फेऱ्या. अर्धी रेघ नसल्याने दुसरी फेरी फटीत न जाता पहिलीच्याच डोक्यावर बसते. चित्र थरथरत नाही, स्थिर राहतं, आणि मधल्या फटी काळ्या राहतात. अनेक होम कॉम्प्युटरांनी हेच केलं. नियमाने बघाल तर हा खोटा सिग्नल आहे. असलं प्रसारण कुठल्याच केंद्राने कधी केलं नसेल. पण काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा किरण नियम वाचत नाही. रेघ सुरू करायची खूण आली की तो रेघ काढतो, फेरी संपल्याची खूण आली की वर जातो. किती रेघा झाल्या हे मोजायला त्याच्याकडे काही नाही.

नवा टीव्ही मोजतो. त्याला वाटतं हे नेहमीचं विणलेलं चित्र आहे, म्हणून तो लागोपाठच्या दोन फेऱ्या एकमेकींत विणायला जातो. पण त्या विणायच्या नसतातच, दोन्ही स्वतंत्र पूर्ण चित्रं! म्हणून ते दात.

झेडएक्स ८१ ची गोष्ट याहून मजेची. सिंक्लेअरचा हा १९८१ चा धाकटा कॉम्प्युटर. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एक छोटासा शांत तुकडा असायला हवा. 'काळा म्हणजे किती काळा' हे टीव्ही त्यावरून ठरवतो. झेडएक्स ८१ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये हा तुकडाच नव्हता! त्या काळच्या बऱ्याच टीव्हींनी चालवून घेतलं. आजचे टीव्ही नेमकं तिथे बघतात, तिथे त्यांना पांढरं सापडतं, आणि त्यालाच काळं समजून ते सगळं चित्र अंधारात बुडवतात.

थोडक्यात, मला हळूहळू असं वाटायला लागलं की कॉम्प्युटर म्हणून जी वस्तू विकली गेली तो अर्धाच कॉम्प्युटर होता. उरलेला अर्धा टीव्हीत होता. आणि हे उपमा म्हणून नाही, सर्किट म्हणून म्हणतोय. स्पेक्ट्रममधल्या फेरांटीच्या त्या एका चिपचं, यूएलएचं, मुख्य काम टीव्हीची वेळ सांभाळणं. तिला पडद्यासाठी मेमरी वाचायची असेल आणि त्याच वेळी प्रोसेसरलाही त्याच मेमरीत जायचं असेल तर ती प्रोसेसरला थांबवते. घड्याळ रोखून! प्रोसेसर नोकर, टीव्ही मालक. रिचर्ड आल्टवासर या इंजिनिअरने ते हार्डवेअर बसवलं तेव्हा चैन म्हणून नाही, दुसरा इलाजच नव्हता म्हणून. रेघ कुणासाठी थांबत नाही. गेम लिहिणारेसुद्धा टीव्हीच्या पन्नास ठोक्यांवर ताल धरून लिहायचे. म्हणून आजचा स्वस्त कन्व्हर्टर ते पन्नासाचे साठ करून देतो तेव्हा सरकणारं चित्र मधेच उचकी लागल्यासारखं अडखळतं. (असा एक मी लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. त्याच्याबद्दल इतकंच पुरे.)

स्टीव्ह वॉझ्नियॅकचा ॲपल टू तर यात सगळ्यांचा गुरू. १९७७ चं यंत्र, रंगांसाठी वेगळं सर्किट परवडणारं नाही. अमेरिकन एनटीएससी टीव्ही रंग ओळखतो तो ३.५८ मेगाहर्ट्‌झच्या एका लहरीवरून. वॉझने कॉम्प्युटरचं मूळ घड्याळ त्या लहरीच्या बरोबर चौपट ठेवलं. त्यामुळे पडद्यावर एक आड एक ठिपके पेटवले की त्या ठिपक्यांची वारंवारिताच रंगाच्या लहरीएवढी व्हायची आणि टीव्ही फसायचा: अरे, हा तर जांभळा! एक ठिपका सरकवला की हिरवा. मेमरीत रंग नाही, वायरीत रंग नाही, काळे-पांढरे ठिपके पाठवायचे आणि रंग टीव्हीत जन्माला यायचा. आता असल्या यंत्राचे ठिपके तुम्ही फार प्रामाणिकपणे, एकेक टिपून, आजच्या पडद्यावर नेलेत तर काय दिसेल? काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. चित्र जितकं स्वच्छ तितकं चूक.

याचा अर्थ, जुना कॉम्प्युटर नव्या पडद्याला जोडणं म्हणजे हरवलेला अर्धा टीव्ही कुठेतरी पुन्हा बांधणं. गेल्या काही वर्षांत हौशी लोकांनी यात जे करून ठेवलंय ते बघून मान लववावी. एक जातीची यंत्रं रेघ आली की तीच दोनदा, तीनदा, पाचदा काढून पुढे ढकलतात. पूर्ण चित्र साठवतच नाहीत, त्यामुळे उशीर जवळजवळ शून्य. ओएसएससी हे त्यातलं गाजलेलं नाव, आराखडा सगळ्यांना खुला. दुसरीकडे जीबीएस-८२०० नावाचा चिनी बोर्ड, मूळचा आर्केड मशिनांसाठी, तसा सामान्यच. पण लोकांनी त्याच्या मानगुटीवर एक वायफायचा चिप बसवून त्याचं सॉफ्टवेअरच नव्याने लिहिलं आणि त्याला माणसात आणलं. काही गोष्टी मात्र कशानेच जमत नाहीत. पडद्यावर नेम धरायची लाइट गन किरण कुठल्या क्षणी कुठे आहे यावर चालायची. एलसीडीत किरणच नाही, तर नेम कशाचा?

मी शेवटी घेतलं ते तिसऱ्याच जातीचं. स्पेक्ट्रमच्या मागच्या एक्स्पान्शन पोर्टात खोचायचं एक कार्ड, त्यावर रास्पबेरी पाय झीरो. परदेशातून मागवलं, पोस्टाने तीन आठवडे. गंमत म्हणजे हे कार्ड स्पेक्ट्रमच्या व्हिडिओला हातच लावत नाही. प्रोसेसर मेमरीच्या ज्या ६९१२ बाइट्समध्ये पडदा ठेवतो तिथे काय लिहितोय ते फक्त खांद्यावरून डोकावून बघतं आणि तेच चित्र स्वतः काढून एचडीएमआयला देतं. म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या कॉम्प्युटरचा पडदा सांभाळायला एक हजार मेगाहर्ट्‌झचा कॉम्प्युटर. यूएलए बिचारी अजूनही आत बसून, रेघ न चुकवता, कुणीही न बघणारं प्रसारण करत असते. पायने काढलेलं ते चित्र स्पेक्ट्रमचं म्हणायचं की पायचं, यावर माझं अजून मत होत नाही.

पण दिसतं अप्रतिम. पिक्सेल कसे, पाटीवर खडूने चौकटी भराव्यात तसे.

मग मामाला बोलावलं.

कॅसेटने आधीच रडवलं होतं. तीनदा 'टेप लोडिंग एरर'. हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट पेन्सिलने पूर्ण गुंडाळून-उलगडून घेतली, लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, आवाज जरा साफ केला, आणि एका जुन्या मोबाइलमधून स्पेक्ट्रमच्या कानात, म्हणजे 'इअर' लिहिलेल्या भोकात, वाजवली. तोच तो किर्रर आवाज. पडद्याच्या चौकटीत लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. मामा सोफ्याच्या टोकाला पुढे सरकून बसलेला.

'गणपती ८७' बद्दल सांगायला हवं. त्या वर्षी मामाने दीड दिवसाच्या गणपतीत मखराशेजारी टीव्ही ठेवला होता. आरतीनंतर लोक प्रसाद घेत असताना टीव्हीवर गणपती उमटायचा, एकेक रेघ. आधी सोंड, मग कान, मग मुकुट, शेवटी चौकटी भरत जायच्या. अख्खी बिल्डिंग बघून गेली. दोन महिने तो ग्राफ पेपरवर ते करत होता, तेही रविवारी सकाळी 'रामायण' संपल्यावर, कारण तोवर टीव्ही मिळायचा नाही. त्यानंतर ते कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

लोड झालं. सोंड आली. काय सुरेख कमान होती! स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये 'ड्रॉ'ला तिसरा आकडा दिला की रेघ वळते, तो आकडा त्याने किती वेळा खोडून लिहिला असेल. कान आले. मुकुट आला. मग रंग भरायला सुरुवात झाली.

गणपती हिरवागार.

चेहरा हिरवा, सोंड हिरवी. शेला भडक जांभळा-गुलाबी. मागे गर्द निळा, त्यावर लाल उंदीर. मुकुट तेवढा पिवळा. ५५ इंची पडद्यावर, आडवा ताणलेला (ते सेटिंग मी विसरलो होतो, लंबोदर झाला म्हणून काय झालं), असा गणपती कुणी कधी पाहिला नसेल. माझी मुलगी हसायला लागली. मी घाईघाईने कार्डाचं सेटिंग बघायला लागलो, मला वाटलं रंगांची अदलाबदल झालीय.

मामा म्हणाला, "काही बिघडलेलं नाही. मी चारच टाकला होता."

"चार म्हणजे हिरवा, मामा."

"ते मला माहितीय रे, बटणावरच लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे हिरवा कुठे होता? मला चारचा करडा हवा होता. तीन फार गडद होता, पाचला चेहरा धुऊन गेल्यासारखा दिसायचा."

मी थांबलो. स्पेक्ट्रमचे आठ रंग: ० काळा, १ निळा, २ लाल, ३ किरमिजी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. हा क्रम मी शंभरदा वाचला असेन. तो असा का? प्रत्येक आकड्याचे तीन बिट: एकाचा निळा, दोनाचा लाल, चाराचा हिरवा. आणि डोळ्याला हिरवा सर्वात उजळ वाटतो, मग लाल, निळा सर्वात मंद. टीव्हीच्या उजेडाच्या हिशोबात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३०, निळ्याला ११. बेरीज करून बघा: शून्यापासून सातापर्यंत एकेक पायरी बरोबर चढत जाते. हा योगायोग नव्हे. ब्रिटनमध्येही मुलांच्या खोलीतला टीव्ही बरेचदा ब्लॅक अँड व्हाइटच असायचा. स्टीव्हन विकर्सने लिहिलेल्या मॅन्युअलमध्येही हे दिलेलं आहे, की ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर हे आकडे उजेडाच्या क्रमाने आहेत. मामाने ते वाचलं होतं. त्याच्यासाठी ते आठ रंग नव्हतेच, करड्याच्या आठ छटा होत्या, आणि त्यातून त्याने एक चेहरा घडवला होता.

आणि मी दोन महिने त्या चित्रातला पिक्सेल न् पिक्सेल स्वच्छ करत बसलो होतो.

रिमोट घेतला. पिक्चर, ॲडव्हान्स्ड, कलर. ५० होतं, ते शून्यावर आणलं. चित्र ४:३ केलं.

हिरवा गेला, जांभळा गेला. मागे अंधार, त्यातून पुढे आलेला मऊ करडा चेहरा, कपाळ उजळ, मुकुट लखलखीत. उंदीर सावलीत, नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. मुलगी हसायची थांबली आणि जवळ गेली. मी आठ वर्षांचा असताना त्याच्यासमोर कुठे बसलो होतो ते मला आठवलं, मोदकाचं ताट मांडीवर होतं.

मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "जाळी नाही दिसत."

"कसली जाळी?"

"चेहऱ्यावर बारीक जाळी असायची. ठिपक्यांची. त्याने जरा कातडीसारखं वाटायचं."

जाळी! रंगाची ती लहर, ४.४३ मेगाहर्ट्‌झची. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला तिचा अर्थ कळत नसे, म्हणून तो ती तशीच पडद्यावर काढायचा, बारीक ठिपक्यांत. पायच्या चित्रात ती असणार कुठून, तो त्या वायरीकडे बघतही नाही. मी बंद करून कार्ड काढलं आणि मागची पिवळी वायर लावली, तीच अडीच तासांच्या सोल्डरिंगची. पुन्हा मोबाइलवरून लोड केलं. दात आले, चित्र मऊ झालं. नवा टीव्ही ती लहर गाळून टाकतो, पण सगळी नाही. कानांच्या कडेला, मुकुटाखाली थोडी वळवळत होती.

"थोडी आहे," मामा म्हणाला.

मग तो उठून खाली जमिनीवर बसला, गुडघ्याला हात लावत, आणि कीबोर्ड जवळ ओढला. स्पेक्ट्रमवर 'रन' टाइप करावं लागत नाही, एका 'आर'च्या बटणात अख्खा शब्द असतो. त्याने पडद्यावरची नजर न काढता ते दाबलं, मग एंटर. पडदा पुसला गेला, आणि सोंडेची पहिली रेघ सुरू झाली.